११ महिन्यांची ऑर्डर आणि २० वर्षांचं गृहकर्ज: सांगली-मिरजेत कुणाला मिळालंय का?

मिरजेची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी मिरजेत आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. सात वर्षं झाली. दर वेळी ११ महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग नवीन ऑर्डर. हातात ३४ हजार येतात. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात मुदतीच्या करारावर आहेत, त्यांचे २६ हजार. गाडीचा ३,८०० चा हप्ता सोडला तर दुसरं देणं नाही.

धामणी रोडला एक टू बीएचके बघितलाय, २८ लाखांचा. काम अजून चालू आहे. साठवलेले पैसे आणि माझे दागिने धरून आमच्याकडे साडेआठ लाख होतात. २२ लाखांचं कर्ज हवंय. ५१ हजार इसार देऊन झालाय आणि बिल्डर म्हणतो ४५ दिवसांत साठेखत करा, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला.

ज्या बँकेत माझा पगार जमा होतो तिथल्या साहेबांनी ऑर्डर हातात घेतली, शेवटची तारीख बघितली आणि कागद परत सरकवला. "मॅडम, तुमची नोकरी मार्चला संपते. वीस वर्षांचं कर्ज कशावर देऊ?" सातही वर्षांच्या ऑर्डरी पिशवीत होत्या, त्या बाहेर काढायचीसुद्धा वेळ आली नाही. २०२० साली याच ऑर्डरीवर पीपीई किट घालून ड्युटी केली, तेव्हा शेवटची तारीख कुणी विचारली नव्हती. त्या दिवशी घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं.

कंत्राटी असून कुणाला गृहकर्ज मिळालंय का? कुठल्या कागदांवर? जामीनदार लागला का? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.

कुपवाडचा_फिटर

ताई, आमच्यात पण हीच गत हाय. मी ठेकेदाराकडनं कामाला, नऊ वर्षं त्याच मशीनवर. ठेकेदार तीन बदलले, मशीन तेच. बँकवाला म्हणतो कंपनीचं पत्र आण, कंपनी म्हणती तू आमचा माणूसच न्हाईस. तुमचं झालं तर इथं नक्की लिवा.

भडंग_विथ_चहा

पूर्वी मुलीचे वडील विचारायचे, "मुलगा पर्मनंट आहे का?" माझ्या सासऱ्यांनी मोठ्या मनाने विचारलं नाही. लग्नानंतर आठ वर्षांनी तोच प्रश्न बँकेने विचारला. सिस्टर, धीर सोडू नका, मार्ग निघतो. आमचा निघाला, पण जामीनदार म्हणून सासरेच उभे राहिले.

निवृत्त_शाखाधिकारी

सिस्टर, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला अजून नकार मिळालेलाच नाही. काउंटरवर ऑर्डर बघून "नाही होणार" म्हणणं म्हणजे नकार नव्हे. अर्ज भरून द्या, त्याची पोच घ्या. अर्ज नाकारला तर मुख्य कारणं लेखी कळवायची, हे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे. शिवाय मोठ्या सरकारी बँकांमध्ये गृहकर्ज शाखेत मंजूर होतच नाही. शाखा फाईल घेते, मंजुरी कर्ज प्रक्रिया केंद्रात होते. शाखेतल्या माणसाला फाईल नको असेल तर तो तोंडी वाटेला लावतो, कारण उद्या खातं थकलं तर उत्तर त्याला द्यावं लागतं. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, पण खुर्चीमागची भीती काय असते ते कळावं म्हणून.

दुसरं, पेपर बघणारा माणूस तीन गोष्टी शोधतो: उत्पन्न किती, ते किती वर्षं अखंड आलंय, आणि पुढे येत राहील असं मानायला आधार काय. तुमची शेवटची ऑर्डर फक्त तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, आणि वाईट उत्तर देते. म्हणून ती फाईलमध्ये एकटी लावायची नाही. सातही ऑर्डरी तारखेच्या क्रमाने लावा, त्यावर कार्यालयाचं अनुभव प्रमाणपत्र, तीन वर्षांचे फॉर्म १६ आणि भरलेली विवरणपत्रं, आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचा किमान एका वर्षाचा उतारा. सहा महिन्यांचा मागतात, तरी तुम्ही जास्तीचा द्या. कंत्राटी माणसाच्या बाजूने बोलतो तो खात्याचा उताराच. दर महिन्याला पैसे आलेत आणि गाडीचा हप्ता एकदाही चुकला नाही, एवढं त्यात दिसलं की निम्मं काम झालं.

आता हिशोब. २० वर्षं, साडेआठ टक्के दर धरला तर २२ लाखांचा हप्ता १९,०९२ रुपये. गाडीचे ३,८०० मिळवले की २२,८९२. दोघांचे मिळून ६० हजार, म्हणजे ३८ टक्के. साधारण निम्म्यापर्यंत चालतं. तुमचं गणित कच्चं नाही, तुम्ही चुकीच्या टेबलावर गेलात.

भाड्याने_निवांत

सगळे धीर देतायत, पण मी वेगळं बोलतो, राग मानू नका. तुम्हाला आत्ता भाडं किती पडतं? सात-आठ हजार? त्याच्या जागी १९ हजार आणि वर सोसायटीचा मेंटेनन्स. एका वर्षी ऑर्डर दोन महिने उशिरा आली तर काय करणार? माझ्या जवळच्या मित्राचं हेच झालं. प्रकल्प संपला, नोकरी गेली, तीन हप्ते थकले. ९० दिवसांवर थकलं की खातं अनुत्पादक होतं, मग बँकेला घर ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. घर गेलं, भरलेले पैसे गेले, वर नातेवाइकांत मान गेला. त्याच्या घराच्या दारावर नोटीस चिकटवलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. कंत्राटी माणसाने आधी कायम व्हावं, मग घर घ्यावं.

मिरजेची_सिस्टर

@निवृत्त_शाखाधिकारी काका, किती मनापासून लिहिलंत. आजच फॉर्म १६ शोधायला घेते.

@भाड्याने_निवांत दादा, राग नाही. भाडं साडेसात हजार आहे. पण सात वर्षांत चार घरं बदलली. मुलगी तिसरीत आहे आणि तिची शाळा दोनदा बदलली. "कायम झाल्यावर" म्हणता, तर १० वर्षं पूर्ण झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये आला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये आम्हाला संपावर बसावं लागलं. मला अजून तीन वर्षं आहेत. तोपर्यंत हाच फ्लॅट २८ लाखांना राहील का?

पेव_हरिपूरचं

धामणी रोड म्हणालात म्हणून विचारतो, पूररेषा बघितली का? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हापासून बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस आला की आधी हेच विचारतो. आमच्या हरिपूरची हळदीची पेवं, जमिनीखाली सुकी ठणठणीत, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली, २००५ च्या पुराने होत्याची नव्हती केली. पाणी एकदा येऊन गेलं की ती जागा ते विसरत नाही. महापालिकेत जाऊन त्या गट नंबरचा नकाशा बघा, निळी रेषा आणि लाल रेषा दोन्ही. बिल्डरच्या तोंडावर जाऊ नका.

शामरावनगरकर

पेवदादांना अनुमोदन. आणि एक भर: आमच्या भागात लोकांनी गुंठ्या-गुंठ्याने जागा घेतल्या, घरं बांधली, आणि आता कर्जाला गेलं की बँक दारातूनच परत पाठवते, कारण जागा गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेली. २००१ चा गुंठेवारी कायदा झाला, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, पण नियमितीकरणाचा दाखला हातात नसेल तर बँकेच्या वकिलाचा शेरा काही चांगला येत नाही. कंत्राटी माणूस स्वस्त म्हणून अशा जागेकडे वळतो आणि मग नोकरीही कच्ची, जागाही कच्ची. माझ्या भावाने हेच केलं. शेवटी सावकारी व्याजाने पैसे उचलले.

कुपवाडचा_फिटर

शामरावनगरकर, दाखला काडायला किती आला खर्च? आमच्या बानं पण १९९४ ला गुंठा घेतलाय तिकडं.

शामरावनगरकर

क्षेत्रफळावर आणि बांधकामावर ठरतो, त्यामुळे माझा आकडा तुझ्या कामाचा नाही. महापालिकेत गुंठेवारीचा वेगळा कक्ष आहे का ते विचार. खरेदीखत, कर पावती, लाईट बिल आणि नकाशा घेऊन जा.

सातारा_पोवईनाका

सिस्टर, मी साताऱ्याचा. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. मला कर्ज मिळालं, पण कसं ते सांगतो, म्हणजे तुमची तीच चूक होणार नाही.

तीन बँकांनी परत पाठवल्यावर एका गृहवित्त कंपनीचा एजंट घरी आला. १५ लाख, ११ टक्के, २० वर्षं. हप्ता १५,४८३. आठ दिवसांत मंजुरी. मी इतका खूश झालो की त्याला पेढ्यांचा पुडा दिला. दोन वर्षांनी उतारा काढला. ३ लाख ७१ हजार भरले होते आणि मुद्दल कमी झालं होतं साधारण ४६ हजार. उताऱ्यावरचा तो आकडा मी तीनदा वाचला. बायकोला सांगायला दोन दिवस लागले.

मग शहाणपण आलं. दोन वर्षं एकही हप्ता चुकला नव्हता, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक, ७८० झाला होता. तोच उतारा घेऊन एका सरकारी बँकेत गेलो. ज्यांनी कंत्राटी म्हणून दार दाखवलं होतं त्यांच्यापैकीच एक. या वेळी त्यांनी ८.६० टक्क्यांनी कर्ज वर्ग करून घेतलं, हप्ता १३,२५० च्या आसपास. बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून तो बंद केलाय. नव्या बँकेची प्रक्रिया फी आणि गहाणखताचा खर्च तेवढा आला.

म्हणजे सरकारी बँकेने दार उघडलंच नाही तर महाग कर्ज ही पहिली पायरी होऊ शकते. पण ते दोन वर्षांत हलवायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, आणि "स्थिर दर" लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

निवृत्त_शाखाधिकारी

सरांचा हिशोब तंतोतंत बरोबर आहे. सिस्टर, तुमच्या रकमेवर सांगायचं तर २२ लाखांचा हप्ता ११ टक्क्यांनी २२,७०८ होतो. महिन्याला ३,६१६ जास्त. २० वर्षांत ते ८ लाख ६७ हजारांच्या वर जातं.

आणि एक कळकळीची विनंती: एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस पैशासाठी वणवण फिरतोय. आधी स्वतःचा अहवाल काढा, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. नाव, जन्मतारीख, एखादं बंद झालेलं पण उघडं दिसणारं कर्ज, सगळं तपासा. मग दोनच जागी जा.

कराडचा_हिशेबनीस

पतसंस्थेचं कुणी बोललं नाही. ओळखीची पतसंस्था असेल तर दोन जामीनदारांवर आठवड्यात काम होतं.

सातारा_पोवईनाका

होतं, पण १२-१४ टक्क्यांनी आणि सात-दहा वर्षांच्या मुदतीने. हप्ता कुठल्या कुठे जातो. छोटी रक्कम कमी पडत असेल तर ठीक, २२ लाखांसाठी नको.

कराडचा_हिशेबनीस

मान्य. माझा मुद्दा वेगळा होता, ओळखीच्या माणसासमोर बसून बोलता येतं. सगळंच काही टक्क्यांत मोजता येत नाही हो सर. आमच्या गावात दोन बहिणींची लग्नं आणि एक विहीर पतसंस्थेने उभी केली, ती बँकेने केली नसती. पण घरासाठी तुमचं खरं.

कामगार_वकील

फिटरभाऊ आणि सिस्टरचे मिस्टर यांच्यातला फरक कुणी सांगितला नाही, म्हणून लिहितो. फिटरभाऊ ठेकेदाराचे कामगार आहेत. सिस्टरचे मिस्टर मुदतीच्या करारावर, म्हणजे बहुधा थेट कंपनीच्या हजेरीपटावर. पगारपत्रकावर आणि पीएफच्या पासबुकात मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. कंपनीचं नाव असेल तर बँकेसमोर त्याचं वजन वेगळं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात मुदतीच्या करारावरच्या कामगाराला कायम कामगारासारखेच फायदे आणि एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी आहे. पाच वर्षं थांबायचं कारण नाही. कर्जाची हमी म्हणून हे चालणार नाही, पण "याला काहीच हक्क नाहीत" हा समज खोडायला उपयोगी पडतं.

फिटरभाऊ, तुमचा पीएफचा यूएएन क्रमांक एकच असेल तर तिन्ही ठेकेदारांची सेवा त्यात सलग दिसते. तो सेवा इतिहास छापून न्या. कंपनीचं पत्र मिळत नसेल तर तोच तुमचा पुरावा.

कुपवाडचा_फिटर

ह्ये मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं न्हाई. उद्याच काडतो.

आई_दोघांची

सिस्टर, पैसे वाचवायचं सांगते. घर फक्त तुमच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात बाईच्या नावावर खरेदी असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तुमच्या २८ लाखांवर २८ हजार. नवऱ्याचं नाव जोडलं तर ती मिळत नाही. ते सहकर्जदार राहू शकतात, त्यासाठी मालकीत नाव लागतंच असं नाही. नोंदणी फी एक टक्का, तीही २८ हजार, आणि काम चालू आहे म्हणून एक टक्का जीएसटी धरून ठेवा. हा खर्च कर्जात बसत नाही, रोख लागतो.

आणि प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० बघा. १ सप्टेंबर २०२४ नंतरचं कर्ज, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नाही, असं असेल तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान. पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. बँकेला स्वतःहून विचारा, ते सांगतीलच असं नाही.

भाड्याने_निवांत

ठीक आहे, घेणारच असाल तर माझंही एक ऐका. साडेआठ लाखांतले सगळे ओतू नका. सहा हप्त्यांची रक्कम, साधारण सव्वा लाख, वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि तिला हात लावू नका. ऑर्डर उशिरा आली तर ती ठेव तुमची ऑर्डर. माझ्या मित्राकडे एवढंच नव्हतं.

आई_दोघांची

हे सोन्यासारखं बोललात दादा.

पेव_हरिपूरचं

आणि इसाराचं काय? नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, रेरा कायद्याचं कलम १३. ५१ हजार त्याच्या आतच आहेत. पण कर्ज नामंजूर झालं तर इसार परत, हे लिहून घेतलंय का?

मिरजेची_सिस्टर

नाही घेतलं. उद्या जाते.

मिरजेची_सिस्टर

(२६ दिवसांनी)

मंडळी, सगळ्यांना सांगायचं होतं. बिल्डरकडून इसारपावतीवर ते वाक्य लिहून घेतलं. थोडी कुरकूर केली, पण लिहिलं. महापालिकेतला नकाशा बघितला, आमचा गट दोन्ही रेषांच्या बाहेर आहे.

मग पगाराच्या बँकेत परत गेले नाही, दुसऱ्या सरकारी बँकेच्या विश्रामबागच्या शाखेत गेले. काकांनी सांगितल्या क्रमाने फाईल लावली होती. तिथल्या मॅडमनी सातही ऑर्डरी एकेक करून उलटल्या. मधल्या एका दिवसाच्या खंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा तांत्रिक खंड आहे असं तुमच्या कार्यालयाकडून लिहून आणाल का?" आणलं. मिस्टरांच्या पीएफमध्ये मालक म्हणून कंपनीचंच नाव निघालं.

काल मंजुरी आली. २२ नाही, २० लाख. मुदत २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता १७,३५६. माझ्या मोठ्या दिरांना जामीनदार घेतलं, ते शिक्षक आहेत. कर्जासोबत एकरकमी विमा घ्या म्हणून आग्रह झाला, त्याचा हप्ता कर्जातच मिळवणार होते. तो नको म्हटलं, टर्म इन्शुरन्स वेगळा काढतोय. राहिलेले दोन लाख सासूबाईंनी पुढे केले, त्यांच्या नावावरच्या ठेवीतले. मी काही मागितलं नव्हतं. अनुदानाचा अर्जही त्याच मॅडमनी भरून घेतला.

साठेखत शुक्रवारी आहे. दादा, सव्वा लाखाची ठेव आज सकाळी टाकली.

भाड्याने_निवांत

अभिनंदन ताई. मनापासून.

निवृत्त_शाखाधिकारी

फार बरं वाटलं वाचून. पहिल्या हप्त्याच्या आधी खात्यात दोन हप्त्यांएवढी शिल्लक ठेवा. सुरुवातीचे बारा महिने कधी चुकू देऊ नका.

कुपवाडचा_फिटर

ताई, लै आनंद झाला. माझा सेवा इतिहास निघाला, नऊ वर्षं सलग. तुमच्या हापिसानं जे लिवून दिलं त्यातलं वाक्य टाकता का हितं? आमच्या एचआरला दाखवायचंय.

मिरजेची_सिस्टर

टाकते भाऊ. नाव, पद आणि रुजू तारखेनंतर असं आहे: "सदर कर्मचारी रुजू दिनांकापासून आजतागायत कंत्राटी तत्त्वावर कार्यरत असून, प्रत्येक नियुक्ती आदेशानंतरचा एक दिवसाचा खंड हा तांत्रिक स्वरूपाचा आहे. त्यांना प्रत्येक वेळी पुनर्नियुक्ती देण्यात आलेली आहे." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख. जावक क्रमांक नसेल तर परत पाठवतात, मला एक चक्कर त्याच्यासाठीच पडली.